कमी व्होल्टेजनं मोटार जळते, मग ग्राफिक्स कार्ड का जळत नाही?

वाचकांचे प्रश्न, परभणीच्या दुरुस्ती-बाकावरून उत्तरं

मार्च लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. हिवाळ्यात "कोणतं ग्राफिक्स कार्ड (कॉम्प्युटरमध्ये गेमचं चित्र काढणारं कार्ड) घेऊ" असं विचारणारेच आता "कार्ड तापतंय, काय करू" म्हणून लिहितात. या वेळी पहिल्या पत्राला मी भरपूर जागा दिली आहे. तो प्रश्न मुलाइतकाच त्याच्या वडिलांचा आहे, आणि माझे वडील असते तर त्यांनीही अगदी तोच विचारला असता.

प्रश्न : ताई, मी सेलूचा. मागच्या हंगामात घरच्यांनी सहा क्विंटल सोयाबीन विकून मला आरटीएक्स ३०६० कार्ड घेऊन दिलं. कॉम्प्युटर वरच्या पत्र्याच्या खोलीत आहे. कार्डाचा पंखा मी ८० टक्क्यांवर पक्का केलाय. पहाटे खोली २८ अंशांवर असते तेव्हा गेममध्ये कार्ड ७० पर्यंत जातं आणि क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, १९०५ मेगाहर्ट्झ राहतो. दुपारी खोली ४६ वर जाते, कार्ड ८३ वर अडकतं, क्लॉक १८०० च्या आसपास येतो आणि गेम अडखळतो. मित्र म्हणतो, कार्डाचं व्होल्टेज कमी कर. वडील म्हणतात, कमी व्होल्टेजनं आपल्या बोअरच्या दोन मोटारी जळाल्या, आता घरात तो उद्योग नको. कोणाचं ऐकू?
— बारावी झालेला वाचक, सेलू

उत्तर : हे पान आधी वडिलांना वाचून दाखव. मोटारीबद्दल ते बोलतात ते शब्दन् शब्द खरं आहे आणि ते त्यांनी स्वतःच्या पैशानं शिकलंय.

माझ्या वडिलांचं इथे परभणीत मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. एप्रिल-मे मध्ये दारात जळालेल्या मोटारींची रांग लागायची. जळालेल्या वार्निशचा वास आमच्या घरातल्या पांघरुणांनाही यायचा. शाळेतून आले की मी जुनी कॉइल तोडून काढायची आणि वेढे मोजायची. प्रत्येक शेतकरी एकच सांगायचा : "लाईट होती, पण व्होल्टेज नव्हतं." पाच एचपीची मोटार ४१५ व्होल्टला साधारण साडेसात अँपिअर ओढते. व्होल्टेज साडेतीनशेच्या खाली गेलं तरी पाणी तेवढ्याच खोलीवरून उचलायचं असतं. मोटार मंदावते, करंट जास्त ओढते. तारेतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, करंट दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट. तारेवरचं इनॅमल वितळलं, वेढ्याला वेढा लागला, मोटार गेली. म्हणजे मोटारीच्या बाबतीत कमी व्होल्टेज म्हणजे जास्त करंट.

कार्डातल्या चिपला मात्र असं ठरलेलं ओझं उचलायचं नसतं. तिच्यात अब्जावधी छोटे स्विच आहेत. एकेक स्विच म्हणजे एक बारीकशी घागर समज, भरायची आणि रिकामी करायची. भरलेली म्हणजे एक, रिकामी म्हणजे शून्य. १८०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १८० कोटी ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला यातल्या कितीतरी घागरी भरतात, रिकाम्या होतात. व्होल्टेज म्हणजे घागर कुठवर भरायची ती रेघ. रेघ खाली आणली की पाणीही कमी लागतं आणि ते कमी उंचीपर्यंत चढवावं लागतं. दोन्हीकडून बचत होते, म्हणून इथे वीज व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. चिपमध्ये व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो. मोटारीच्या बरोबर उलट.

मग धोका काय? रेघ फारच खाली आणली तर घागर भरलेली की रिकामी हे वेळेत कळत नाही आणि चिप चुकीचं वाचते. पडद्यावर रंगीत ठिपके येतात, गेम धाडकन बंद होतो, किंवा पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. विंडोज कार्डाच्या उत्तराची दोन सेकंद वाट पाहतं आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, नव्यानं सुरू करतं, त्याचा तो काळा पडदा. यात जळत काही नाही. मशीन रीस्टार्ट केलं की कार्ड पुन्हा कंपनीच्या मूळ व्होल्टेजवर येतं. वडिलांना हे नीट सांग : मोटारीची चूक चार हजारांची असते, ही चूक रीस्टार्टची.

कंपनी मुळात जास्त व्होल्टेज का देते, हेही त्यांना विचारावंसं वाटेल. कारखान्यातून निघालेल्या दोन चिपा सारख्या नसतात. एक १८५० मेगाहर्ट्झ ०.८७५ व्होल्टवर सहज पेलते, दुसरीला त्यासाठी ०.९२५ लागतात. कंपनी प्रत्येक चिपसाठी बारीक हिशेब करत बसत नाही. सगळ्यात अडेल चिपसुद्धा, जुनी झाल्यावर, भर उन्हात चालली पाहिजे, अशा बेतानं व्होल्टेज ठेवते. तुझी चिप बरी असेल तर तो जास्तीचा भाग नुसता उष्णता होऊन पत्र्याखाली साठतो.

आता तुझेच आकडे घेऊ. पहाटे ७० वजा २८ म्हणजे ४२ अंशांचा फरक. पंखा त्याच वेगावर आणि वीज तेवढीच असेल तर हा फरक दिवसभर जवळपास तोच राहतो. दुपारी ४६ अधिक ४२ म्हणजे ८८ व्हायला हवेत. पण कार्डाला ८३ ची मर्यादा घातलेली आहे. ती पाळण्यासाठी ते वीज कमी ओढतं, म्हणून क्लॉक खाली येतो. तुझा गेम तिथे अडखळतो.

माझ्या बाकावर मागच्या मेमध्ये असंच एक ३०६० होतं. मूळ स्थितीत १९०५ मेगाहर्ट्झ, १.०४३ व्होल्ट, १६८ वॅट. त्याला मी ०.८८७ व्होल्टवर १८४५ मेगाहर्ट्झ दिले तेव्हा १३० वॅटच्या आसपास स्थिरावलं. वीज त्या प्रमाणात उतरली की तुझा ४२ चा फरक साडेबत्तीसवर येतो. मग दुपारच्या ४६ अंशांच्या खोलीत कार्ड ७८-७९ वर राहील, ८३ ला शिवणारच नाही, आणि क्लॉक १८४५ च्या आसपास टिकेल. पहाटे तू ६० मेगाहर्ट्झ घालवशील, ते डोळ्याला दिसत नाहीत. दुपारी मात्र आजच्यापेक्षा ४५ मेगाहर्ट्झ जास्त मिळतील. आपल्या उन्हात कमी व्होल्टेजचं कार्ड जास्त वेगानं धावतं, हे मी दरवर्षी बाकावर पाहते आणि दरवर्षी तितकाच आनंद होतो.

करायचं कसं ते सांगते. एमएसआय आफ्टरबर्नर हा कार्डाचा क्लॉक-व्होल्टेज बदलायचा प्रोग्रॅम घे, कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी चालतं. आधी अर्धा तास तुझा नेहमीचा गेम खेळ आणि क्लॉक, व्होल्टेज, वॅट, तापमान हे चारही आकडे वहीत लिही. त्याशिवाय पुढे जाऊ नकोस, नाहीतर काय सुधारलं ते कळणारच नाही. मग आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाब, आलेख उघडेल. आडव्या रेघेवर व्होल्टेज, उभ्या रेघेवर क्लॉक. कोअर क्लॉकचा स्लायडर आधी उणे २५० वर ने आणि लागू कर, सगळा आलेख खाली बसेल. मग ९०० मिलिव्होल्टच्या जवळचा ठिपका पकडून १८४५ पर्यंत वर ओढ आणि पुन्हा लागू कर. त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके सपाट रेघेत आले पाहिजेत. आले म्हणजे कार्ड त्या व्होल्टेजच्या वर जाणार नाही. तापल्यावर क्लॉक १८४५ ऐवजी १८३० दिसला तर घाबरू नकोस, तो १५-१५ च्या पायरीनं सरकतो.

९०० वर दोन दिवस निभावलं तर व्होल्टेजची एक पायरी खाली, म्हणजे आलेखावर डावीकडचा शेजारचा ठिपका, मग आणखी एक. युनिजिन हेवनसारखी चाचणी अर्धा तास चालव, पण तिच्या भरवशावर राहू नकोस. बऱ्याचदा कार्ड चाचणीत टिकतं आणि गेमचा नकाशा बदलताना, म्हणजे ओझं एकदम पडतं-चढतं तेव्हा, मान टाकतं. रे ट्रेसिंगचा, म्हणजे प्रकाश-सावल्यांचा जड हिशेब करणारा, गेम असेल तर तो कमकुवत व्होल्टेज लवकर पकडतो. पहिल्यांदा जिथे बिघडलं त्याच्या दोन पायऱ्या वर ये आणि तिथेच थांब. विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू करण्याची खूण आठवडाभर करू नकोस. मेमरीचा क्लॉक उन्हाळा उतरेपर्यंत हात न लावता ठेव, कारण या कार्डावर मेमरीचं तापमान दिसतच नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीशी पत्र्याखाली प्रयोग नकोत.

वडिलांच्या भीतीला मात्र एका जागी पूर्ण आधार आहे, आणि ती जागा कार्ड नाही, एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, आहे. तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस की संध्याकाळी घरातला दाब १८० व्होल्टवर येतो. एसएमपीएस अगदी मोटारीसारखा वागतो. कॉम्प्युटरला ३०० वॅट लागतात तर ते तो देणारच, दाब २३० असो की १८०. म्हणून १८० ला तो सव्वापटीहून जास्त करंट ओढतो आणि आतून तापतो. त्याच्यावरची चिठ्ठी वाच. इनपुट १०० ते २४० लिहिलं असेल तर निर्धास्त राहा. २०० ते २४० असेल तर स्टॅबिलायझर लाव किंवा संध्याकाळचा खेळ पुढे ढकल. मल्टीमीटर असेल तर गेम चालू असताना पिवळ्या आणि काळ्या तारेतलं व्होल्टेज मोज, ११.४ च्या खाली जाता कामा नये. कार्डाचे ४० वॅट वाचले की तो भारही एसएमपीएसवरून उतरतो.

आणखी दोन गोष्टी. उन्हाळ्यात जमीन वाळते तशी आर्थिंगही कमजोर होते, म्हणून आर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाक. आणि कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नकोस. वाटतं गार वारा मिळेल, पण आपल्याकडची धूळ आणि कूलरची ओल मिळून हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या, पात्यांत चिखल बसतो. मी तो टूथब्रशनं खरवडून काढलाय. कूलर खोलीला दे, कॅबिनेटला कोरडा कोपरा दे.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. त्याच्याकडे जीटीएक्स १६५० कार्ड आहे. तो त्याचा वेग वाढवतोय असं म्हणतो. कार्ड फुटेल का, वॉरंटी जाईल का आणि लाईटबिल किती वाढेल? त्याला विचारलं की तो इंग्रजी शब्द सांगतो, मला काही कळत नाही.
— एक आई, अंबाजोगाई

उत्तर : ताई, कार्ड फुटणार नाही. व्होल्टेजची वरची मर्यादा कंपनीनं कार्डातच बांधलेली असते, मुलानं स्लायडर शेवटपर्यंत ओढला तरी ती ओलांडता येत नाही. फार तापलं तर कार्ड स्वतः मंदावतं, तरीही भागलं नाही तर बंद पडतं. आफ्टरबर्नरमधले बदल कार्डावर कोरले जात नाहीत. कार्डाची बायोस, म्हणजे कार्डातच साठवलेला मूळ प्रोग्रॅम, बदलणं हा वेगळा प्रकार आहे, त्यानं वॉरंटी धोक्यात येते. तेवढं एक त्याला नाही म्हणा.

बिलाचा हिशेब सोपा आहे. १६५० हे ७५ वॅटचं कार्ड. रोज तीन तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला पावणेसात युनिट. वेग वाढवून वीज दहा टक्के वाढली असं धरलं तरी पाऊण युनिटसुद्धा वाढत नाही. तुमच्या घरचा कूलर त्याच्या कितीतरी पट खातो.

मुलासाठी एक ओळ लिहिते, त्याला दाखवा. तुझ्या कार्डाला वेगळी सहा पिनची वायर नसेल तर सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधून येते आणि स्लॉट ७५ वॅटच्या वर देत नाही. म्हणून नुसता क्लॉक वाढवलास तरी कार्ड वॅटच्या भिंतीला धडकून परत खाली येईल. याच ७५ वॅटमध्ये जास्त क्लॉक बसवायचा असेल तर व्होल्टेज उतरव. वरचं सेलूचं उत्तर तुलाही लागू आहे, आकडे मात्र तुझ्या कार्डाचे तूच शोध.

तुम्ही स्वतः एक पाहा ताई : कॉम्प्युटर, मॉनिटर आणि कूलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आहेत का? प्लगला हात लावल्यावर गरम लागतो का? मला काळजी वाटते ती सैल, काळवंडलेल्या प्लगची.

प्रश्न : दिल्लीहून ऑनलाइन वापरलेलं आरएक्स ५८० आठ जीबी मागवलं. स्वस्त मिळालं. डेस्कटॉपवर छान चालतं, पण गेम सुरू केला की पाच-दहा मिनिटांत पडद्यावर चौकटी आणि रेघा येतात. क्लॉक कमी करून पाहिला, फरक नाही. विकणारा आता फोन उचलत नाही. कार्ड फेकून देऊ का?
— मोबाइल दुकानदार, जालना

उत्तर : फेकू नका. या लक्षणाची कार्डं माझ्याकडे बरीच आली आहेत आणि त्यातली अनेक पुन्हा उभी राहिली.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचं मायनिंग करणं, म्हणजे गणितं सोडवून ते चलन कमावणं, संपलं. देशोदेशीच्या मायनिंगच्या शेडमधली कार्डं बाजारात आली. तुमचं त्यातलंच असण्याची शक्यता मोठी आहे. मायनिंगवाल्यांना मेमरीचा वेग हवा असायचा, कोअरचा, म्हणजे मुख्य चिपचा, नको. म्हणून ते बायोसमध्ये मेमरीला प्रत्येक कामासाठी मिळणाऱ्या वेळा घट्ट आवळायचे आणि कोअरचा क्लॉक, व्होल्टेज दोन्ही खाली आणायचे. मेमरीत अधूनमधून चूक झाली तर त्यांचं एक उत्तर बाद व्हायचं, बाकी धंदा चालू. गेममध्ये तीच चूक तुमच्या पडद्यावर चौकट होऊन दिसते. तुम्ही कोअर क्लॉक कमी केलात, पण दुखणं मेमरीत असणार. उपाय दुसऱ्याच अवयवाला झाला.

आधी जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. शेडरच्या (चिपमधल्या छोट्या हिशेबनीसांच्या) जागी २३०४ दिसले पाहिजेत. २०४८ दिसले तर तो वेगळा, कमी ताकदीचा प्रकार आहे, मूळ ५८० नव्हे. तो वाईट नसतो, पण तुम्ही पैसे कशाचे दिलेत ते कळेल. मग मूळ क्लॉक पाहा. खऱ्या ५८० चा बूस्ट, म्हणजे वरचा क्लॉक, १३४० मेगाहर्ट्झ किंवा थोडा वर असतो. ११५०-१२०० दिसला तर बायोस बदललेली आहे असं समजा. तिसरी खूण एचडब्ल्यू-इन्फो या प्रोग्रॅममध्ये मिळते. त्यात या कार्डासाठी मेमरी चुकांचा आकडा येतो. गेम चालू असताना तो वाढत असेल तर निदान पक्कं.

आता कार्डाच्या वरच्या कडेला पाहा, बारीक स्विच आहे का. अनेक ५८० वर दोन बायोस असतात. मशीन पूर्ण बंद करा, प्लग काढा, स्विच दुसऱ्या बाजूला सरकवा आणि सुरू करा. मागच्या माणसानं एकच बायोस बदललेली असेल तर दुसरी कंपनीची निघते आणि चौकटी तिथल्या तिथे जातात. पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा मी ग्राहकाला लगेच फोन केला होता, रात्रीचे साडेदहा वाजले होते.

स्विच नसेल तर मूळ बायोस परत भरावी लागेल. जीपीयू-झेडमधून आत्ताची बायोस आधी जतन करा, ती वाईट असली तरी. नवी घेताना कंपनी, मॉडेल आणि मेमरीच्या चिपा, तिन्ही जुळलं पाहिजे. सॅमसंगच्या मेमरीला हायनिक्सची बायोस भरली तर पडदा काळा. भरायला मिनिटभर लागतो, पण त्या मिनिटात लाईट गेली तर कार्ड अर्धवट राहतं. म्हणून यूपीएसवर करा. भारनियमनाची वेळ टाळा, आणि आभाळ गडगडत असेल त्या दिवशी तर करूच नका.

हे झाल्यावर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट बदला आणि मेमरीवरचे पॅड पाहा, दाबून चपटे आणि तेलकट झाले असतील तर तेही. मगच व्होल्टेजकडे या. एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ॲड्रेनलिन प्रोग्रॅममध्ये या कार्डाच्या प्रत्येक पायरीला क्लॉक आणि व्होल्टेज वेगळं लिहिता येतं. शेवटची पायरी बहुधा ११५० मिलिव्होल्टवर असते. तिथून २५-२५ नं खाली या. माझ्या हाताखालून गेलेली बहुतेक कार्डं १०७५ ते ११०० च्या दरम्यान १३४० मेगाहर्ट्झ पेलतात. १८५ वॅटचं कार्ड आहे, जालन्याच्या मेमध्ये तेवढा उतारही त्याला मोठा दिलासा आहे.

प्रश्न : लातूरला क्लाससाठी हॉस्टेलवर राहते. इंटेल प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०५० असलेला लॅपटॉप आहे. रविवारी दोन तास गेम खेळते, तेव्हा प्रोसेसर ९५ अंशांवर जातो आणि कीबोर्डला हात लावता येत नाही. प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायला गेले तर तो पर्याय बंद दिसतो.
— विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : तो पर्याय तुझ्या चुकीनं बंद झालेला नाही. प्रोसेसरचं व्होल्टेज बदलून त्यातली गुप्त माहिती काढता येते, हे २०१९ च्या डिसेंबरमध्ये जगजाहीर झालं. प्लंडरव्होल्ट म्हणतात त्याला. त्यानंतर इंटेलच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हे कुलूप घातलं गेलं. ते तोडायच्या मागे लागू नकोस.

तुझ्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बहुधा एकाच तांब्याच्या नळ्यांवर उष्णता टाकतात. एकीचं ओझं उतरवलं की दुसरीलाही गारवा मिळतो. म्हणून आधी एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ६० कर. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक आहे. गेमच्या मेन्यूत चिप उगीचच दोनशे फ्रेम काढत बसते ते थांबतं. मग आफ्टरबर्नरचा आलेख वापरून ग्राफिक्सचं व्होल्टेज ८०० मिलिव्होल्टच्या आसपास सपाट कर. लॅपटॉपमध्ये वॅटचा स्लायडर बंद असतो, पण आलेख बहुधा चालतो. एवढ्यानं भागलं नाही तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती ९९ टक्के कर, त्यानं टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो आणि तापमान झपाट्यानं उतरतं. गेम बंद केल्यावर परत १०० कर.

आणि लॅपटॉप गादीवर ठेवत असशील तर वरचं सगळं वाया. हवा खालून ओढली जाते. मागच्या बाजूला दोन जाड गाइडं ठेवून तो बोटभर उचल.

प्रश्न : रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, वेगळं कार्ड नाही. आठ जीबीची एकच रॅम. आतल्या ग्राफिक्सचा क्लॉक १९०० वरून किती वाढवू?
— वाचक, हिंगोली

उत्तर : अजिबात वाढवू नका, तशीच आणखी एक आठ जीबीची रॅम घ्या. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं, आणि एका काडीवर त्याला अर्धाच रस्ता मिळतो. दोन काड्या योग्य खाचांत बसवा, मदरबोर्डच्या बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) चालू करून ३२०० ला आणा. क्लॉक वाढवून मिळेल त्याच्या कितीतरी पट यानं मिळेल.

दुरुस्ती : मागच्या अंकात आरएक्स ६६०० कार्डाबद्दल मी लिहिलं होतं की ॲड्रेनलिनमधला व्होल्टेजचा स्लायडर ११५० वरून ११०० वर आणला की कार्ड ११०० च्या वर जाणार नाही. गंगाखेडच्या एका वाचकानं वहीचं पान पाठवून दाखवलं की त्यांच्याकडे तसं होत नाही. मी माझ्या बाकावर तपासलं, त्यांचं बरोबर आहे. त्या पिढीच्या कार्डांत हा स्लायडर अचूक व्होल्टेज ठरवत नाही, तो सगळा आलेखच तेवढा खाली सरकवतो. त्यामुळे कमी क्लॉकवरही व्होल्टेज घटतं, आणि बिघाड बऱ्याचदा गेममध्ये न होता व्हिडिओ पाहताना किंवा डेस्कटॉपवर होतो. ज्यांनी माझं वाचून ११०० केलं आणि ज्यांचं मशीन यूट्यूब पाहताना थिजतंय, त्यांनी ११२५ वर या आणि मागच्या अंकातला तो परिच्छेद खोडून टाका.